पुणे ते मुक्तिनाथ: सोबतीला कोण?

गाडी आडवी झाली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि वरंध घाटात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. जूनचा पहिला पाऊस, वळणावर वाहून आलेली लाल माती, पुढचं चाक सरकलं आणि संपलं. मला काही लागलं नाही. पण माझ्या हिमालयन ४११ मोटरसायकलचं वजन १९९ किलो, वर सामानाच्या दोन बॅगा. सीटला पाठ टेकवायची, हँडल आणि मागचा कॅरियर धरायचा आणि पायांच्या जोरावर उठायचं, ही पद्धत मला येते. सपाटीवर जमतेही. उतारावर, चिखलात, बूट घसरत असताना नाही जमली. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होतं आणि मी नुसती बघत होते.

चाळीस मिनिटांनी एक दूधवाला थांबला. "ताई, एकट्याच?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात लावला. दोघांनी मिळून गाडी दहा सेकंदांत उभी केली. चाळीस मिनिटं आणि दहा सेकंद. घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच होतं. दिवाळीनंतर गाडीने नेपाळला, मुक्तिनाथच्या देवळापर्यंत जायचं मी ठरवलं होतं, एकटीने. त्या दिवशी तो विचार सोडला.

मी भोसरीत एका टूल रूमच्या प्लॅनिंगमध्ये काम करते. वय ४४. हंपी, कच्छ, अख्खं कोकण झालं होतं, पण देशाबाहेर गाडी कधी नेली नव्हती. स्वप्न खरं तर मध्य आशियाचं आहे. पण त्यासाठी गाडीला कार्ने लागतं, म्हणजे गाडीचा एक प्रकारचा पासपोर्टच. आणि चीनमधून स्वतःची गाडी न्यायची तर पूर्ण रस्ताभर तिथला गाइड सोबत लागतो. त्याचा खर्च टोळीत वाटून घेतला तरच झेपतो. लांबच्या वाटेने जाणारे रायडर सोबती शोधतात त्यामागे हा हिशोबही असतो. नेपाळ त्या मानाने सोपा. आपली नंबर प्लेट, आपलं लायसन्स, डाव्या बाजूने गाडी. पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालतं. कार्ने नको, सीमेवर भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरली की झालं. म्हणून आधी नेपाळ.

ऑफिसमध्ये विषय काढल्यावर सोमवारी चार जण तयार होते. पुढच्या सोमवारी एकही नव्हता. कोणाची रजा, कोणाच्या मुलाची परीक्षा. त्यांना दोष नाही. मग ओळखीतून एक अनुभवी रायडर भेटले, तीन वेळा लडाख करून आलेले. कर्वे रोडवर कॉफी घेत त्यांनी वहीत सगळा मार्ग आखून दिला, दिवसाला ९०० किलोमीटर. "रात्री चालवायचं. रस्ता मोकळा असतो, ऊनही लागत नाही." मी म्हटलं, मी अंधार पडला की थांबते. ते म्हणाले, "मग कठीण आहे." माणूस चांगला होता. वहीतलं ते पान त्यांनी फाडून मला दिलं, त्याचा पुढे उपयोगही झाला. पण आम्हा दोघांचे प्रवास वेगळे होते आणि ते कॉफीच्या टेबलावरच कळलं, हे बरं झालं. अर्ध्या वाटेत कळलं असतं तर दोघांचेही हाल झाले असते.

पालखी पुण्यात आली त्या दिवशी मी नाना पेठेत गाडीची क्लच केबल बदलायला गेले होते. गाडी खोलून झाली आणि रस्ता बंद झाला. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला येते, मग नाना पेठेतून बाहेर पडणार कसं? मी मेकॅनिकच्या फळीवर बसून राहिले. समोरून दिंड्या जात होत्या. बोलता बोलता माझी अडचण सांगितली. तो हात पुसत म्हणाला, "खडकीला एक काका आहेत. तुमचीच गाडी. एकदा त्यांची चेन बघा, म्हणजे माणूस कळेल."

मी रविवारी गेले आणि खरंच आधी चेन बघितली. एक कण धूळ नाही, आणि ल्युब, म्हणजे चेनचं वंगण, फेकलेलं नाही, पुसून घेतलेलं. काका ५८ वर्षांचे, खडकीच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. दोघांची गाडी एकच ही फार मोठी सोय होती. एकच ट्यूब, एकच केबल, एकच पान्ह्यांचा संच दोन गाड्यांना पुरतो. काकांनी माझ्या अनुभवाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "थकलात तर सांगता का?"

"सांगते," मी म्हटलं.

तेवढ्यात काकू पोहे घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मीही येणार आहे." काका त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही हे नवीन होतं. त्यांच्या देवघरात सासऱ्यांच्या वेळचा एक शाळिग्राम आहे, मुक्तिनाथच्या वाटेवरच्या काली गंडकीतून आलेला. तीस वर्षं रोज त्याला स्नान घालते, म्हणाल्या, ती नदी एकदा बघू दे. मला तेव्हा, खरं सांगते, थोडी धास्ती वाटली. मागे बसणारं माणूस म्हणजे वजन वाढलं, थांबे वाढले. मी रायडर शोधत होते.

चौथा आमच्याच सोसायटीत निघाला. मी पार्किंगमध्ये मागच्या चाकाची ट्यूब काढायचा सराव करत होते. हिमालयनची चाकं तारांची, आत ट्यूब, त्यामुळे पंक्चर काढणं आलंच पाहिजे. हिंजवडीत नोकरी करणारा, डॉमिनार चालवणारा २७ वर्षांचा मुलगा येऊन म्हणाला, "ताई, मी धरू का?" तासभर तो टायर लिव्हर धरून उकिडवा बसला. एकदाही "असं नाही, असं करा" म्हणाला नाही. मी त्याला त्याच संध्याकाळी विचारलं.

तरी एकदा सगळ्यांनी मिळून चालवून बघायचं होतं. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी पहाटे ५ वाजता चांदणी चौक, तिथून ताम्हिणी, माणगाव, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाटाने वर महाबळेश्वर आणि मुक्कामाला वाई. मुलगा वीस मिनिटं उशिरा आला. "झोप लागली, चुकलं," एवढंच म्हणाला. ताम्हिणीत धुकं आणि पाऊस होता, काका चाळीसच्या वर जायला तयार नव्हते. मुलगा सुसाट पुढे निघून गेला आणि माणगावला टपरीवर भेटला. मला बोलायचं होतं, पण काकूंनी आधी त्याला चहा दिला. मग विचारलं, "आरशात आम्ही दिसेनासे झालो तेव्हा तुला काय वाटलं?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "आधी मजा आली. मग वाटलं, कोणी पडलं असेल तर?"

आमचा पहिला नियम तिथे ठरला. मागच्याचा दिवा आरशात दिसला पाहिजे. नाही दिसला की थांबायचं. आंबेनळीत त्याने तो शब्दाला शब्द पाळला. वाईच्या मुक्कामात बाकीचं बोलून घेतलं, पैशाचंसुद्धा. पैशाचं बोलायला आपल्याकडे उगाच संकोच करतात आणि मग मैत्रीच तुटते. पेट्रोल ज्याचं त्याचं. राहणं-खाणं कॉन्ट्रीतून, रोज सकाळी प्रत्येकी ₹१,५०० काकूंच्या बटव्यात. मी आणि काकू एका खोलीत, काका आणि मुलगा दुसऱ्या. अंधारात चालवायचं नाही. आणि ज्याला सगळ्यात जास्त थकवा, त्याच्या वेगाने सगळे.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. काकूंच्या पिशवीत चिवडा, शंकरपाळे आणि मेतकूट. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून जालना, मेहकर असं जुन्या रस्त्याने नागपूर, मग पेंचच्या जंगलातून जबलपूर. पेंचमध्ये महामार्ग उचलून खालून जनावरांना वाट करून दिली आहे. काकू प्रत्येक पुलावर मान वळवून खाली बघत होत्या.

जबलपूरच्या पुढे, रीवाच्या रस्त्यावर, दुपारी माझे डोळे मिटायला लागले. मी बोलले नाही. अजून ऐंशी किलोमीटर, मग जेवू, असं स्वतःला सांगत राहिले. पाच-दहा मिनिटांत मागून काकांचा हॉर्न वाजला, थांबेना. ढाब्यावर गाडी घेतली. काकूंनी हेल्मेट काढलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तू थकलीस हे तुझ्या गाडीने सांगितलं. तू नाही सांगितलंस." मागे बसल्या बसल्या त्यांनी माझी गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकताना दोनदा बघितली होती आणि काकांच्या खांद्यावर थापा मारल्या होत्या. मी बाजेवर पाऊण तास झोपले. उठले तेव्हा तिघंही तिथेच बसलेले, मुलगा माझ्या हेल्मेटची काच पुसत होता. खडकीत "सांगते" म्हणून दिलेला शब्द मी मोडला होता. पण कोणी तो विषय पुन्हा काढला नाही.

सीमेवर सोनौलीला भन्साराच्या खिडकीत गाडीचे कागद दाखवायचे, किती दिवस राहणार तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे आणि मिळालेली पावती जिवापाड जपायची. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र लागतं. मुलाची गाडी वडिलांच्या नावावर होती आणि पत्र करून घ्यायची आठवण त्याला काकांनी गणपतीतच दिली होती. आपल्या १०० च्या नोटेचे १६० नेपाळी रुपये होतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. बुटवलपासून तानसेनच्या डोंगरातून पोखऱ्याला जाणारा रस्ता वळणांचा आणि देखणा आहे. पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचे परवाने काढले आणि एक दिवस नुसती झोप काढली.

बेनीच्या पुढे खरी परीक्षा. काली गंडकीची दरी एका बाजूला धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, अशा दोन आठ हजारी पर्वतांच्या मधून जाते. रस्ता कुठे डांबरी, कुठे नुसते गोटे आणि घोट्यापर्यंत धूळ. खाली नदी राखाडी रंगाची, समोरून बस आली की डोंगराच्या कुशीला चिकटून उभं राहायचं. आणि दुपारी वारा. खालची हवा त्या दरीतून वर तिबेटच्या पठाराकडे ओढली जाते, त्यामुळे सकाळी शांत असलेली दरी दुपारी गर्जायला लागते. मार्फा गावाच्या अलीकडे माझी गाडी चालता चालता हातभर बाजूला फेकली गेली.

मार्फ्याला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मुक्तिनाथ चाळीस किलोमीटरच्या आत. मुलाचं म्हणणं होतं, आजच जाऊ. आकाश निळंभोर होतं, त्याचं मन पुढे धावत होतं आणि मला ते समजत होतं, कारण माझंही धावत होतं. काका म्हणाले, "माझं डोकं दुखतंय." मार्फ्याच्या पुढचं जोमसोम सुमारे २,७०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० च्याही वर, डोकं दुखत असताना तो हजार मीटरचा चढ चढायचा नसतो. मुलगा काही बोलला नाही. त्याने आपली डॉमिनार उचलून फिरवली, वारा साइड स्टँडच्या बाजूला रेटेल अशी लावली. मग माझी गाडी तशीच फिरवली. मग काकांची. मागच्या चाकाखाली दगड लावले. आणि काकूंची पिशवी घेऊन आत गेला. त्या गल्लीत उभी राहून मी त्याला बघत होते. माझा सगळा शोध तिथे संपला असं वाटलं.

सकाळी सहाला पानसुद्धा हलत नव्हतं. काकांचं डोकं उतरलं होतं. कागबेनीवरून चढ लागला आणि नऊच्या आत आम्ही मुक्तिनाथला होतो. देवळामागे १०८ धारा आहेत, बर्फासारखं पाणी. काकूंनी प्रत्येक धारेखाली हात धरला, सगळ्या १०८. परत आल्या तेव्हा बोटं जांभळी पडली होती. मी ती माझ्या ग्लोव्ह्जमध्ये घालून चोळत बसले, मुलगा गरम पाणी आणायला पळाला.

उतरताना कागबेनीजवळ माझं मागचं चाक बसलं. धारदार दगड. पण या वेळी मी एकटी नव्हते. काकांनी चाक काढलं, मी लिव्हर लावले, मुलाने टायर धरला आणि काकांकडची राखीव ट्यूब माझ्या चाकात गेली. पस्तीस मिनिटं लागली. तोवर काकू नदीपात्रात गोटे उलटेपालटे करत होत्या. शाळिग्राम म्हणजे टेथिस समुद्रातल्या अमोनाइटचे जीवाश्म. हिमालय उठण्याआधी इथे समुद्र होता. त्यांना एक सापडला, अर्धा फुटलेला, आतलं चक्र स्पष्ट दिसणारं. मला दाखवला, कपाळाला लावला आणि पाण्यात परत ठेवला. "घरी आहे एक," म्हणाल्या.

परतीचा प्रवास आला तसाच, थंडी कमी कमी होत गेली एवढंच. सोळाव्या दिवशी संध्याकाळी वाघोलीला शेवटचा चहा घेतला. इथून काका-काकू खडकीला जाणार आणि आम्ही दोघं नऱ्ह्याला. काकूंनी टेबलावर बटवा रिकामा केला. ₹८४० उरले होते, चौघांत २१०-२१० वाटले. आम्ही नको म्हणताच डोळे मोठे करून आमच्या हातात कोंबले. तळाशी शंभराची एक नेपाळी नोट निघाली. मुलगा म्हणाला, "ही कोणाची?"

काकूंनी ती घडी करून परत बटव्यात टाकली आणि नाडी ओढली.