मामांच्या कारखान्यातला सर्व्हर आणि हिशोब

वेंगुर्ल्याजवळ मामांचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर, १ टीबीच्या दोन डिस्कच्या मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. मृगाच्या पावसात लाइट सारखी ये-जा करत होती, त्यात सर्व्हर बसला. जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, ११ तारीख तोंडावर. मामांचा फोन आला, "माका एवढाच सांग, हिशोब मिळतले की नाय?"

जाऊन पाहिलं तर मिरर नावापुरताच. एक डिस्क दिवाळीच्या सुमारासच बाहेर पडलेली. लिनक्सने मेल पाठवली होती, पण रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्याच अ‍ॅडमिन खात्याच्या मेलबॉक्सात. काजू फोडायच्या गडबडीत ती कोण उघडणार! दुसरीच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे तुकडे, ढिगाने. टकटक आवाज मात्र नव्हता. असता, तर मी ती चालूच केली नसती, थेट लॅबला पाठवली असती.

मामेभाऊ म्हणाला, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) मारूया. मी अडवलं. दुरुस्ती करताना तो डिस्कवरच लिहितो, आणि हिचा तर वाचण्यापुरताच भरवसा उरला होता. दिवाळीतली डिस्कही मिररला परत जोडू दिली नाही. जोडली असती तर सिंक होताना तिच्यावरचा जुना डेटा पुसला गेला असता.

यूएसबी अडॅप्टर अशा डिस्कवर मध्येच तुटतो, म्हणून ती थेट मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला लावली, गरम होऊ नये म्हणून समोर टेबलफॅन ठेवला आणि डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढणारा प्रोग्रॅम, सुरू केलं. पहिली फेरी -n देऊन: जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडलं तिथे रेंगाळायचं नाही. कुठपर्यंत वाचलं याची नोंद ठेवणारी मॅपफाइल असल्यामुळे लाइट गेली तरी काम जिथल्या तिथून पुढे. मग -d -r3 देऊन (डिस्क थेट वाचायची, तीनदा पुन्हा प्रयत्न) उरलेल्या जागांवर. हा भाग फार रटाळ. रात्रभर बसलो तरी आकडा हलत नाही.

मिळालेल्या इमेजची एक प्रत काढली, त्या प्रतीवरून मिरर रीड-ओन्ली उभा केला आणि त्यावरची ext4 फाइल सिस्टिम 'ro,noload' देऊन, म्हणजे काहीही न लिहिता, माउंट केली. फोल्डर दिसले. पण न वाचलेले सेक्टर कुठल्या फायलींत पडले? मॅपफाइलमधल्या जागांवरून ब्लॉक काढले, फाइल सिस्टिम आतून तपासणाऱ्या डीबगएफएसच्या icheck आणि ncheck या कमांडनी त्या फायलींची नावं मिळाली. बहुतेक मशिनरीचे फोटो. एक फाइल मात्र टॅलीची, बंद झालेल्या जुन्या वर्षाची. दिवाळीनंतर तिला कुणी हात लावलेला नव्हता, त्यामुळे बाजूला ठेवलेल्या डिस्कवरून ती जशीच्या तशी मिळाली.

चालू वर्षाची कंपनी टॅलीत उघडली, शेवटच्या दिवसाची काही व्हाउचर बिलबुकावरून पुन्हा भरली आणि रिटर्न वेळेत गेलं. आता मिररची मेल मामेभावाच्या फोनवर येते.