आत्यांच्या फोनमधला ‘ल’

२०२३ ची दिवाळी झाली आणि शाळेतले गुरुजी ‘उल्लास’साठी, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमासाठी, घरोघरी फिरायला लागले. पंधरा वर्षांपुढचं निरक्षर कोण आहे, आणि शिकवायला स्वयंसेवक कोण होतंय? आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढूनच म्हणाल्या, "माझं आता काय ऱ्हायलंय शिकायचं." मी शिकणारी म्हणून त्यांचं आणि शिकवणारी म्हणून माझं नाव लिहून दिलं.

मला वाटलं होतं, मोबाईलवर ॲप लावून दिलं की निम्मं काम झालं. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. घरातला मोठा फोन दिवसभर ह्यांच्याबरोबर शेतात असतो. रात्री जेवणं उरकल्यावर अर्धा-पाऊण तास हातात यायचा. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आत्या अक्षराकडे बघतच नाहीत. कमळ दिसलं की ‘क’ म्हणायच्या. कमळावर बोट ठेवून झाकलं की गप्प. त्यात डोळ्यांनीही नीट दिसत नव्हतं, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. आधी चष्मा करायला हवा होता. तो केला, फोनमधली अक्षरं सगळ्यांत मोठी केली, आणि ॲप बाजूला ठेवलं.

सुरुवात केली त्यांच्या स्वतःच्या बटणांच्या फोनपासून. भावाचा दहा आकडी नंबर त्या न बघता लावायच्या. बोटांनाच पाठ होता. मी म्हटलं, आत्या, आता सावकाश दाबा आणि प्रत्येक आकडा पाटीवर काढा. फोनवरचे आकडे इंग्रजी, पुस्तकातले मराठी, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी काढायचे. दहा दिवसांत आकडे बसले. अडलं ते पुढं. पंचवीस सांगितलं की ५२ लिहायच्या. चूक त्यांची नव्हतीच; आपण तोंडानं पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर. २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ छापलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! आत्यांना शिकवताना मला त्यामागची अडचण पहिल्यांदा खरी समजली. मग कॅल्क्युलेटर काढला. वीस दाबा, अधिक पाच दाबा, आता बघा. उत्तरात दोन आधी आलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. असे पन्नासेक आकडे त्यांनी स्वतः करून बघितले.

अक्षरांसाठी मोठ्या फोनमधली नावांची यादी घेतली. नातवानं त्यांच्यासाठी नावांपुढं चित्रं टाकून ठेवली होती: लेकीपुढं फूल, दूधवाल्यापुढं गाय. मी एका रात्री सगळी चित्रं काढून टाकली आणि ते फार चुकलं. दुसऱ्या रात्री लेकीला फोन लावता येईना म्हणून त्या पुढचा दिवसभर जेवल्या नाहीत नीट. एरवी चित्र बघून कुणाला न विचारता फोन लावायच्या, तेवढं त्यांच्या हातात होतं आणि तेच मी काढून घेतलं होतं. चित्रं परत टाकली. मग आठवड्याला एकच काढायचं, तेही त्या "आता काढ" म्हणाल्या की.

‘लेक’ या शब्दाशी आम्ही आठ दिवस बसलो. पुस्तकातला ‘ल’ पाकळीच्या वळणाचा, फोनमधला दांडीच्या. ‘श’चंही तेच, पुस्तकात देठाचा तर फोनमध्ये गाठीचा. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असा शासनाचा निर्णय २००९ चा आहे, पण आमच्या फोनला त्याचा पत्ता नाही. आपली नजर सरावलेली, आपल्याला फरक जाणवत नाही. नव्यानं शिकणाऱ्याला मात्र ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. आत्यांनी विचारलं, "ही दोगी भनी हैत का?" मी म्हटलं, हो, बहिणीच. तेव्हापासून कुठलाही ल आला की त्या आधी ‘कुठली भन’ ते बघतात आणि मगच वाचतात.

सगळ्यात रंगल्या त्या बोलून लिहिण्यात. माईकचं बटण दाबून "दूध" म्हटलं की पडद्यावर ‘दूध’ उमटायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी पदराच्या टोकानं पडदा पुसला आणि परत म्हटलं. पण "व्हतं" म्हटलं की फोन भलतंच काहीतरी लिहायचा. मी त्यांना बोलणं बदलायला लावलं नाही. फोनचं चुकलं, तुम्ही पाटीवर बरोबर लिहा, असं सांगितलं. फोनची चूक हुडकायची म्हणून त्या एकेक अक्षर निरखायला लागल्या, आणि वाचन खरं तिथं सुटलं.

‘उल्लास’ची परीक्षा १७ मार्च २०२४ ला, रविवारी, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. आत्या धुतलेलं लुगडं नेसून, चष्मा पुसून गेल्या. पेपर छापील होता, त्यात ल पाकळीचा. मला बाहेर धाकधूक. त्या आल्या आणि पहिलं वाक्य हेच, "थोरली भन व्हती."

पास झाल्या. आता यादीत एकही चित्र नाही. भावाचं नाव त्यांनी स्वतः टाईप केलंय, फक्त ‘भाउ’ असं. मी दुरुस्त केलेलं नाही. जोडाक्षरं चालू आहेत, ‘ग्रामपंचायत’ अजून अडतंय.