अंधारातली शिस्त

पुण्याजवळच्या दिघीच्या मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळायला येतात. मी फौजेत हत्यारांचा उस्ताद होतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून दम खाता खाता कुणीतरी विचारतंच, "काका, नाइट व्हिजन लावलं की सगळं दिसतं ना? मग नेम धरायला काय अवघड?" परवा सोसायटीतल्या एका ताईंनीही हेच विचारलं. म्हणून एकदा नीट लिहितो.

फौजेत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. दिवसा साध्या रायफलीवर मागची बॅकसाइट, पुढची फोरसाइट आणि टार्गेट एका रेषेत आणायचं. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरचं स्पष्ट दिसतं, म्हणून आम्ही शिकवतो की नजर फोरसाइटच्या टोकावर ठेव, टार्गेट जरा धूसर राहिलं तरी चालेल. रात्री हेल्मेटवरचा नाइट व्हिजनचा गॉगल डोळ्यापुढे ओढला की हा धडा उलटा होतो. गॉगलचं पुढचं भिंग लांबवर जुळवलेलं असतं. टार्गेट स्वच्छ दिसतं, पण हातभर अंतरावरची फोरसाइट नुसता डाग होते. भिंग जवळच्यासाठी जुळवावं तर टार्गेट धूसर होतं. पोरांना मी अंगठा डोळ्यापुढे धरून लांबच्या टाकीवरच्या दिव्याकडे बघायला सांगतो. दोन्ही एकदम स्पष्ट दिसेनात, की त्यांना मुद्दा कळतो.

गॉगलमधून आपण खरं तर समोरचं बघतच नसतो. आत एक नळी असते, इमेज इंटेन्सिफायर. असल्या नळ्या आपल्या भोसरीत बनतात, बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेसमध्ये. चांदण्याचा जेमतेम उजेड नळीच्या पुढच्या पडद्यावर पडतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सुटतात. लाखो बारीक छिद्रांच्या चकतीतून जाताना ते कित्येक पटींनी वाढतात आणि मागच्या फॉस्फरच्या पडद्यावर आदळून हिरवं चित्र उमटवतात. आपण बघतो ते हे चित्र. त्याला खोली नसते. नजरेचा आवाकाही साधारण 40 अंशांचाच, म्हणजे पाइपातून बघितल्यासारखं. ढगाळ अमावास्येला तर चित्रात मुंग्याच धावतात.

मग शिस्त घ्यायची कशी? रायफलीवरच नाइट साइट, म्हणजे रात्री दिसणारी दुर्बीण, बसवली तर तिच्यातला काटा (नेमाची खूण) आणि टार्गेट एकाच चित्रात येतात. लांबच्या नेमाला हे उत्तम. पण इकडंतिकडं बघायलाही रायफल फिरवावी लागते, आणि डोळा रबरी कपावरून जरा हलला की चेहऱ्यावर हिरवा उजेड पडतो.

दुसरी पद्धत लेझरची. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, स्क्रीनवर मात्र दिवा लुकलुकतो. रायफलीवरचा इन्फ्रारेड लेझर असाच, फक्त गॉगलवाल्याला दिसणारा. रायफल गालाला न लावताही ठिपका टार्गेटवर ठेवता येतो. पण समोरच्याकडेही गॉगल असेल तर लेझरची रेघ थेट तुमच्याकडे बोट दाखवते. धुक्यात, धुळीत ती आणखीच उजळते. शिवाय लेझर रायफलीच्या नळीच्या वर किंवा बाजूला बसतो. प्रकाश सरळ जातो, गोळी हळूहळू खाली येते. ज्या अंतरावर झिरो केलंय, म्हणजे ठिपका आणि गोळी जुळवून ठेवलीय, तिथं दोघं भेटतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे फरक पडणारच.

ह्यात मी स्वतः फसलोय. रात्रीच्या फायरिंगला ठिपका टार्गेटच्या छातीवर स्थिर दिसत होता. पाच राउंड सोडले. सकाळी टार्गेटवर एकही भोक नव्हतं. तीसेक पावलांवर मातीचा बुटका बांध होता, ठिपका त्याच्या कडेवर पडला होता आणि पाचही गोळ्या तिथं मातीत रुतल्या होत्या. चित्राला खोली नाही, त्यामुळे बांध आणि टार्गेट मला एकावर एक चिकटलेले दिसले. तेव्हापासून मी प्रत्येक पोराला ठिपका आधी जमिनीवर ठेवून हळूहळू पुढे न्यायला लावायचो. मध्ये तो कुठे अडखळला, तर तिथं आड काहीतरी आहे.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते: गॉगलमधूनच रेड डॉट साइटमध्ये, म्हणजे रायफलीवरच्या ठिपका दाखवणाऱ्या छोट्या काचेत, बघायचं. त्यातला ठिपका असा तयार केलेला असतो की डोळ्याला तो फार लांबवर असल्यासारखा वाटतो. त्यामुळे लांब जुळवलेल्या गॉगलला ठिपका आणि टार्गेट दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. फोरसाइटची सगळी अडचणच मिटली! आणि लेझरसारखी पुढे रेघ जात नाही. फक्त ठिपका अगदी मंद ठेवावा लागतो, नाहीतर चित्रात तोच फुलून टार्गेट झाकतो. गॉगल लावून गाल रायफलीच्या बटावर (मागच्या दस्त्यावर) टेकवणं अवघड, म्हणून साइट उंच बसवतात. मान लवकर दुखते. सराव लागतो, पण माझं मत विचाराल तर नव्या पोराला आधी हेच शिकवावं.

आणि एक. त्या हिरव्या चित्रात माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. एका रात्री मी दोन आकृत्यांवर ठिपका ठेवून होतो. शेजारचे सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "रुक. चाल देख." मी चाल बघितली. एक म्हातारा होता, लंगडत होता, आणि दुसऱ्यानं त्याचा हात धरला होता.