रकाना : हल्ला करणारा प्राणी

मेंढी कोणी मारली हे बाहेरून कधीच कळत नाही, लोकर सगळं झाकते. मानेवरची लोकर कातरायची, कातडी सोलून उलटी करायची, मग आतून सुळ्यांची भोकं दिसतात. भोवती काळपट रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. नसेल तर मेंढी आधीच मेलेली होती आणि नंतर कोणीतरी खाल्ली. वनखात्याच्या भरपाईचा विषय तिथेच संपतो.

मी बारामती तालुक्यात पशुवैद्यक आहे. सुप्याकडच्या माळावर एका धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, बोलावणं आलं, तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. कोकणात उतरायची तयारी चाललेली. रात्री वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या कुंपणात, काहीतरी शिरलं होतं. तीन मेंढ्या मेल्या होत्या आणि एक कोकरू गायब होतं. त्या कोकराचे पैसे मिळणार नाहीत हे जाताजाताच सांगून टाकलं, कारण मढं जागेवर नसेल तर पंचनामा होत नाही. लांडगा कोकरू उचलूनच नेतो, पंचनाम्यासाठी ठेवून जात नाही, हे नियम लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं.

कुत्रा की लांडगा, यावर सगळं अडतं. भरपाईच्या यादीत लांडगा आहे, तरस आहे, कोल्हा आहे, गावठी कुत्रा नाही. पुस्तकी फरक सोपा आहे. कुत्री मागून धरतात, मांड्या, कान, शेपटाकडचा भाग फाडतात आणि अर्धमेली जनावरं टाकून जातात. लांडगा घसा धरतो. पण मेंढरांना सोकावलेला कुत्राही घसा धरायला शिकतो, आणि वाघरीत सापडलेला लांडगाही भुकेपुरतंच मारून थांबत नाही. सुळ्यांमधलं अंतर मोजावं, तर थोराड गावठी कुत्रा आणि आपला वीसेक किलोचा लांडगा यांची मापं एकमेकांत मिसळतात. आमच्यातले काही जण म्हणूनच कातडी न सोलता ‘लांडगा’ लिहून मोकळे होतात. गरिबाला चार पैसे मिळतात, आपलं काय जातं!

इथे तिन्ही मेंढ्यांचे घसे धरलेले होते. चावे खोल, नेमके, मांड्यांना ओरखडाही नाही. मी ‘लांडगा’ लिहिणारच होतो.

“लिवू नका सायेब,” म्हातारा म्हणाला. “लांडगं न्हाई ते. लांडगं आलं तर कुत्री रान डोक्यावर घेत्यात. राती भुंकलीच न्हाईत. ती धाकली कुत्री तर शेप हालवत हुती.”

“मग कुत्रं होतं?”

“कुत्रंबी न्हाई.”

नातवाने मोबाईल पुढे केला. बॅटरीच्या उजेडातला काही सेकंदांचा व्हिडिओ. उंच, लांब पायांचं, छातीत अरुंद जनावर, चाल थेट लांडग्याची. रंग मात्र तांबूस पिवळा, आणि शेपूट टोकाला वर वळलेली. लांडग्याची शेपूट खाली लोंबते.

पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो, हे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झालेलं आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. इथली गवताळ जमीन सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदलेली, त्यामुळे तिच्यावर प्लॉट पडतात, पोल्ट्र्या उभ्या राहतात. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकल्या जातात. त्यावर गावची कुत्री येतात, लांडगेही येतात. कळप मोडून एकट्या पडलेल्या लांडग्याला जोडीदार मिळाला नाही, तर तो कुत्र्यांतच शोधतो.

आता पंचनाम्यातल्या ‘हल्ला करणारा प्राणी’ या रकान्यात काय लिहायचं? कुत्रा लिहिलं तर म्हाताऱ्याला एक रुपयाही नाही. लांडगा लिहिलं तर लांडग्याच्या नावावर आणखी तीन मेंढ्या चढतात. असे आकडे गावात पोचले की लांडग्यांच्या बिळांत धूर सोडणारे तयारच असतात. वनरक्षक पोरगा चांगला होता, पण घाईत. “साहेब, एक शब्द टाका, संकर-बिंकर फाईलमध्ये चालत नाही.” मी लिहिलं, ‘श्वानकुलातील मोठा प्राणी, जखमा लांडग्याच्या हल्ल्याशी सुसंगत.’ खोटं काहीच नाही त्यात. वाघरीच्या दोऱ्याला अडकलेले केस कागदी पाकिटात घालून ठेवले. ते कोणी, कुठे आणि कोणाच्या खर्चाने पाठवायचे, याचं उत्तर दोन कार्यालयांकडून आलेलं नाही. वरून फाईल एका शेऱ्यासह परत आली : ‘प्राण्याचे नाव स्पष्ट करावे.’

संक्रांतीच्या सुमारास घाटाखालून म्हाताऱ्याचा फोन आला. मला वाटलं, पैशांचं विचारतोय. तर धाकली कुत्री व्यायली होती. चार पिल्लं, त्यातली दोन तांबडी, लांब पायांची. स्वारी खुशीत होती. असली पिल्लं राखणीला चांगली, बिबट्यालाही मागं सारतील, असं त्याचं म्हणणं. मी कुत्रीच्या नसबंदीचा विषय काढला, तर त्याने तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. लस कुठली द्यायची, एवढंच त्याला हवं होतं. मी रेबीजची आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथरोगाची, दोन्ही सांगितल्या. रेबीजची आमच्या दवाखान्यात असते, दुसरी पदरमोड करून आणावी लागते. पावसाच्या तोंडाला वाडा परत येईल तेव्हा टोचू, असं ठरलं. त्या दोन पिल्लांबद्दल वनरक्षकाला कळवायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही.