टाळाऐवजी टाक

(दहावी, मार्च १९८४ची तुकडी)

आमचं घर माळकऱ्यांचं. आजोबा टाळकरी, वडील पखवाज वाजवायचे. एकादशीच्या भजनाला मारुतीच्या देवळात आमच्या घरचं कोणी नाही, असं कधी झालं नाही. मीही जायचो, पण माझा ताल जमत नसे. सातवीत असताना सप्ताहात भर भजनात एका वडीलधाऱ्या माणसाने माझ्या हातातला टाळ काढून घेतला आणि मला चपला राखायला बाहेर बसवलं. त्यांचं चुकलं नव्हतं, माझ्यामुळे चाल मोडत होती. पण त्या रात्री पायरीवर बसून मला वाटलं की देवाच्या घरात आपल्याला जागा नाही. बारा वर्षांच्या पोराला हे किती खोल लागतं, ते आज नातवंडांकडे बघताना कळतं.

शाळेत माझी एकच ओळख होती, अक्षर. व्हरांड्यातल्या फळ्यावरचा सुविचार पाचवीपासून मी लिहायचो. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी मला वर्गातून सुट्टी मिळायची आणि मी रंगीत खडू घेऊन स्टुलावर चढायचो. तासन् तास गेले तरी कळायचं नाही. भजनात पाच मिनिटांत भरकटणारं माझं मन वेलांटीच्या वळणावर मात्र जागच्या जागी थांबायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला कधी सुचलं नव्हतं. तो संबंध मराठीच्या बाईंनी लावून दिला. बाईंचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आमच्या पिढीला ते सांगावंही लागत नाही.

आठवीत एका दुपारी बाई ग्रंथालयातून दासबोध घेऊन वर्गात आल्या आणि त्यांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास उघडला. दासबोधाचे २० दशक, त्यांत २०० समास, म्हणजे छोटी प्रकरणं. त्यात विवेक आहे, वैराग्य आहे, हे घरी ऐकून होतो. पण त्यात अक्षर कसं काढावं हे सांगणारा एक अख्खा समास आहे, हे त्या दिवशी कळलं. लेखनक्रियानिरूपण. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, शाई काळी कुळकुळीत असावी आणि ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात. ग्रंथ संपला तरी पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने, म्हणजे लेखणीने, काढल्यासारखं दिसावं. पानाच्या चारी बाजूंनी जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही.

ही कडेची कोरी जागा मी त्यानंतर शेकडो वेळा सोडली असेन, आणि दर वेळी ती ओवी आठवते. आपण मेल्यावर, कागद जीर्ण झाल्यावर, कोणा अनोळखी माणसाला हे वाचता यावं, याची काळजी त्या रिकाम्या पट्टीत आहे.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. सप्ताहातली गोष्ट त्यांच्या कानावर गेली असावी. म्हणाल्या, "तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत संताजी जगनाडे होते. जातीने, धंद्याने तेली. टाळकरी चौदा होते, पण संताजींचं नाव घेताना लोक आधी काय सांगतात? अभंग लिहून ठेवले, हेच ना? अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. तुझा मळा कुठं आहे ते तुला ठाऊक आहे. हरिपाठ लिहून आण. घाई करू नकोस."

मी ज्ञानदेवांचा हरिपाठ ड्रॉइंगच्या मोठ्या कागदांवर लिहायला घेतला. आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून अक्षर बोटभर उंचीचं काढलं. खरं तर आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हरिपाठ त्यांना लहानपणापासून तोंडपाठ होता, त्यांना कागदाची गरजच नव्हती. पण पहिला कागद वाळल्यावर त्यांनी तो मांडीवर घेतला आणि म्हणाले, "ह्यात हरी कुठं हाय? दाव बघू." मी बोट धरून दाखवलं. ह, त्याच्या पुढे र, आणि र ला ऱ्हस्व वेलांटी. त्यांनी त्या आकारावरून नख फिरवलं. मग धृपदात दुसऱ्यांदा तोच आकार त्यांना स्वतःच सापडला. त्यानंतरचे कितीतरी दिवस संध्याकाळी हरिपाठ म्हणताना ते तो कागद पुढे घेऊन बसत आणि 'हरि' आला की त्या जागी बोट ठेवत. बहात्तर वर्षांच्या माणसाने जन्मभर तोंडात घोळवलेलं नाव पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, ते माझ्या अक्षरात. एके दिवशी म्हणाले, "टाळ ऱ्हाऊं दे तुझा." एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून देवळाच्या पायरीवर बसायला मला काही वाटेनासं झालं.

दहावीनंतर मी पेंटर झालो. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, शाळांच्या भिंती, देवळांच्या कमानी. देवळाचं काम असेल तर आंघोळ करून निघायचं, एवढा एक नेम पाळला. पुढे फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत हाताने लिहिलेली पाटी गावातून गेली. आता दुकान मुलगा पाहतो. रिकाम्या हातांनी बसवेना, तेव्हा बाईंनी सांगितलेलं पुन्हा हाती घेतलं. ज्ञानेश्वरी लिहायची, बोरूच्या लेखणीने, पोथीच्या आकारात.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास. दिवसाला दहा धरल्या तरी अडीच वर्षं लागतात. मला चार लागली. बोरूचं टोक तिरकं कापावं लागतं, आणि तो तिरकेपणा जरा बिघडला की अक्षराचा जाड-बारीक तोल जातो. त्यामुळे रोज पहाटेची पहिली दहा मिनिटं नुसती टोक साधण्यात जात. तीच माझी पूजेची तयारी.

सुरुवातीलाच मी थबकलो. पहिल्या अध्यायात ज्ञानदेव गणेशाला नमन करतात, त्यातला गणेश सबंध शब्दांचा आहे. अकार म्हणजे त्याचे दोन पाय, उकार म्हणजे पोट, मकार म्हणजे मस्तक. त्याचं शरीर 'वर्णवपु' आहे, म्हणजे अक्षरांचंच घडलेलं. या ओव्या कीर्तनात कितीदा ऐकल्या होत्या, पण ऐकताना त्या कानावरून निघून जात. लिहिताना एका ओवीला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ ती ओवी तुमच्याशिवाय कुठे जाऊ शकत नाही. ज्या अक्षरांवर मी पोट भरलं, त्यांनाच ज्ञानदेव देवाचं अंग म्हणतात, हे त्या सकाळी हाताला कळलं. मी बोरू खाली ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

चुकाही झाल्या, आणि त्यांनीच जास्त शिकवलं. हात सवयीचा गुलाम असतो. मुळात 'तैसें' असेल तिथे माझा हात 'तसे' लिहून मोकळा व्हायचा. जुना शब्द कळला नाही की मन हळूच त्याच्या जागी आपल्याला कळणारा शब्द ठेवायचं. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांना अशाच हातांच्या चुका निस्तराव्या लागल्या असणार. यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवतो, असं त्यांनी शेवटी बजावून ठेवलं आहे. मी ती ओवी कागदावर लिहून समोरच्या भिंतीला लावली. भक्ती म्हणजे आपलं काहीतरी देवाला द्यायचं, असं मी समजत होतो. चार वर्षं रोज पहाटे मला उलटंच करावं लागलं, माझं काही मधे येऊ नये एवढंच बघायचं.

जुने लेखक चूक झाली की तिच्यावर पिवळा हरताळ फासत आणि वरून पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच. हरताळ विषारी असतो, म्हणून मी पिवळा पोस्टर रंग वापरला. खोडून काढलेली चूक लपत नाही. ती तशीच दिसू दिली.

अठरावा अध्याय सगळ्यांत मोठा, अठराशेहून अधिक ओव्यांचा. तो संपत आला तेव्हा हात मुद्दाम सावकाश चालवायला लागलो. पसायदान झालं. आणि अगदी शेवटी ती ओवी आली, जी मी तोवर नुसती सालासाठी लक्षात ठेवली होती. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी टीका केली आणि सच्चिदानंदबाबा 'आदरें लेखकु जाहला'. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटी, ज्याने नेवाशात नुसतं लिहून घेतलं त्याचं नाव. आणि त्याच्याबद्दल सांगावं असं एकच, की त्याने ते आदराने केलं. 'आदरें' हा शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर व्हरांड्यातला फळा होता, स्टूल होतं, आणि खाली खडूची पेटी धरून उभ्या असलेल्या बाई.

बाई आता नाहीत. पोथी त्यांना दाखवता आली नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या तीन दिवसांत ती ग्रंथालयातल्या लांब टेबलावर ठेवायची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. काचेत ठेवू नका, अशी माझी विनंती आहे. मुलांनी हात धुऊन पानं उलटावीत. ज्यांना वाचता येत नाही अशा कोणाच्या आजी-आजोबांना आणलं, तर त्यांना पहिल्या पानावरचा 'ॐ' बोट धरून दाखवावा. तिसऱ्या अध्यायात एका जागी पिवळा पट्टा दिसेल. तिथे मी 'तसे' लिहिलं होतं.