तुम्ही विचारलंत म्हणून: ती भिंत बांधली कोणी?

पाहुणे धुळ्याला यायचे म्हटले की फोनवरच विचारतात, "एका दिवसात बघण्यासारखं काय?" पूर्वी मी लळिंगचा किल्ला आणि राजवाडे संशोधन मंदिर सांगून मोकळी व्हायचे. आता सरळ भिंत दाखवायला नेते. तिथे पोचलं की दुसरा प्रश्न ठरलेला. "ही बांधली कोणी?"

पौषात पुण्याचा मामेभाऊ आला होता. साक्री रस्त्याने निघालो, एका फाट्यावर आत वळलो आणि कोरडवाहू शेतांच्या कडेला गाडी थांबवली. तो उतरून पाटी शोधायला लागला. "ताई, स्पॉट कुठाय?" आता काय सांगणार! साक्री, धुळे, पारोळा अशी पसरलेली ही एकच भिंत 79 किलोमीटर लांब आहे. कुठे टेकडीएवढी उंच, कुठे कंबरेएवढी, कुठे शेताखाली गडप. धुळे-नंदुरबार भागात अशा 210 भिंती अभ्यासकांनी मोजल्यात. त्यांच्या भाषेत डाइक.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचत होते. त्या काळात इथली जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली आणि पूर्व-पश्चिम भेगा पडल्या. त्यांत खालून लाव्हा घुसला आणि आतच थिजला. पुढे आजूबाजूचा ठिसूळ खडक झिजून माती झाला, आतला टणक दगड उघडा पडला. म्हणजे बांधकाम जमिनीच्या पोटात झालं आणि पावसाने ते उकरून काढलं, एवढंच.

पण हे ऐकूनही भावाचा विश्वास बसेना, आणि त्यात त्याची चूक नव्हती. जवळ गेलं की कोनदार दगडी खांब आडवे, एकावर एक रचलेले दिसतात. अंगणात सरपण रचावं तसे. गवंड्याचा हात लागल्याशिवाय असं होईल का? होतं. थिजणारा लाव्हा जिकडून निवतो, तिकडून आत तडे जात जातात. सपाट थर वरून-खालून निवतो, म्हणून त्याचे खांब उभे. भिंत दोन्ही बाजूंनी निवते, म्हणून तिचे आडवे. मी वही काढून चित्रच काढून दाखवलं (मास्तरकी निवृत्त झाली तरी सुटत नाही).

भिंतीच्या उत्तर अंगाला सावलीत एक ठेलारी बाबा मेंढ्या घेऊन बसले होते. हिवाळ्यात त्या बाजूला दिवसभर ऊन येत नाही. ते हसले. "दगडेच शेतस, काय दखतस भाऊ?" मग त्यांनीच दाखवलं, भिंतीच्या अलीकडच्या विहिरीला पाणी आणि पलीकडची कोरडी. जमिनीखालचं पाणी वाहत येतं आणि या दगडाला अडतं. कुठे दगडाला भेगा जास्त असल्या तर भिंतच पाणी धरून ठेवते. विहीर कुठे खणायची याचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा आधी येतो.

पुढे एका जागी भिंत मधूनच तुटलेली दिसली. भाऊ म्हणाला, नदीने फोडली असेल. खडी क्रशरने फोडली होती. कठीण दगड, रस्त्याला उत्तम. आपण ज्या रस्त्याने आलो त्यातही असेल. मला राग येतो, पण गाडी मीही त्याच रस्त्याने नेते.

दुपारी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन परत फिरलो. भावाने पन्नासेक फोटो काढले होते, सगळ्यांत फक्त काळ्या दगडांची टेकडी आली. त्यामुळे आता कोणी विचारलं तर मी फोटो पाठवत नाही. सकाळी सातला धुळ्याच्या एसटी स्टँडवर या, टोपी आणि पाणी आणा, एवढंच कळवते.