केमोत दही अन् मनाची उदासी
केमो (कॅन्सरवरची औषधं) घेऊन संभाजीनगरहून बीड-लातूरकडं परतल्यावर घरचे हमखास विचारतात, "दही चालतं का?" आधी सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) बघा. त्यातली एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या) १००० च्या खाली असेल, तर घरचं दही, ताक, प्रोबायोटिक कॅप्सूल सगळं थांबवा. त्यातले जिवंत जिवाणू रक्तात उतरू शकतात. पोर्ट किंवा पिक लाइन (औषध द्यायला शिरेत बसवलेली नळी) असेल, तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

काउंट बरे असतील अन् डॉक्टर हो म्हणाले, तर उकळलेलं दूध कोमट करून विरजा. आपल्या उन्हाळ्यात ते ४-५ तासांत लागतं. लागलं की लगेच फ्रिजात ठेवा. आंबलेलं दही तोंडातल्या फोडांना फार झोंबतं.

दह्यानं उदासी जाते, असंही काहीजण म्हणतात. मनःस्थितीशी जोडलेलं सेरोटोनिन हे रसायन बहुतांश आतड्यात बनतं खरं, पण तिथलं मेंदूत शिरत नाही. उदासी २ आठवडे टिकली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं न्याच.